एएमएच चाचणी: इंजेक्शनांचा डोस ठरवायला उत्तम, मूल होईल का हे सांगायला नाही

मुंबई-पुण्यापासून जळगाव-सोलापूरपर्यंत बहुतेक मोठ्या लॅबच्या दरपत्रकात आज एएमएचची (अँटी-म्युलेरियन हार्मोन, स्त्रीच्या बीजसाठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) चाचणी असते. शहर आणि लॅब पाहून साधारण १,२०० ते ३,००० रुपये लागतात. उपाशी राहावं लागत नाही, पाळीचा कुठलाही दिवस चालतो, सॅम्पल घरून नेतात आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट फोनवर येतो. त्यात एकच आकडा असतो, समजा ०.८, आणि शेजारी 'कमी' अशी खूण. तेवढ्यावरून 'आता मूल होणं अवघड' असा अर्थ घरी काढला जातो, कधी कधी दवाखान्यातही.

म्हणून या चाचणीला एकच गुण देता येत नाही. आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबी उपचाराच्या) इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देतील हे आधी ओळखण्यासाठी आम्ही तिला ५ पैकी ४.५ देऊ. उपचारातून मूल होईल की नाही हे सांगण्यासाठी १.५. उपचाराशिवाय, आपोआप दिवस राहतील का, यासाठी शून्य. चाचणी वाईट आहे असं नाही. ती एका कामासाठी बनली आहे आणि विकली जाते दुसऱ्याच कामासाठी.

मोजलं जातं ते काय

जन्मापासून अंडाशयात जी सुप्त बीजं पडून असतात, ती एएमएच बनवत नाहीत. त्यातली काही सतत जागी होऊन वाढीला लागतात. वाढीला लागलेल्या, साधारण ८ मिलिमीटरपर्यंतच्या फॉलिकलमधल्या (बीजाभोवतीच्या पिशवीतल्या) ग्रॅन्युलोसा पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात. म्हणजे कणगीत किती धान्य आहे हे आपण मोजत नाही, आज सुपात किती आलंय ते मोजतो. कणगी भरलेली असेल तर सुपात जास्त येतं, इतकाच तो अंदाज. दाणा किडका आहे की निरोगी, हे सुपाच्या वजनावरून कळत नाही.

दाण्याची प्रत ठरते मुख्यतः वयावर. पस्तिशीनंतर स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढत जातात आणि चाळिशीत तपासलेल्या भ्रूणांपैकी निम्म्याहून जास्त भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. त्यामुळे ३० वर्षांची, एएमएच ०.८ असलेली स्त्री आणि ४२ वर्षांची, एएमएच ३ असलेली स्त्री शेजारी बसल्या, तर दुसरीला अंडी जास्त मिळतील. पण एकेका अंड्यामागे मूल होण्याची शक्यता पहिलीचीच जास्त. रिपोर्टवर मात्र लाल अक्षर पहिलीच्या वाट्याला येतं.

हे नुसतं तर्कावर आधारलेलं नाही. अनेक अभ्यासांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात कमी प्रतिसाद आधीच ओळखण्याची एएमएचची ताकद ०.८ च्या जवळपास निघाली. या मोजपट्टीवर १ म्हणजे कधीच न चुकणारी चाचणी आणि ०.५ म्हणजे नाणेफेक. गर्भधारणा ओळखण्यात हीच चाचणी ०.५ ते ०.६ च्या मध्येच राहिली. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया होत्या. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांना सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के आली, बाकीच्यांची ६२ टक्के. बारा चक्रांअखेर ८४ आणि ७५. कमी आकड्याने काहीच बिघडवलं नव्हतं, कारण आपोआप दिवस राहायला महिन्याला एकच अंडं लागतं. २०१९ मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वंध्यत्वाचं निदान नसलेल्या स्त्रियांना हा आकडा पाहून सल्ला देऊ नये असं स्पष्ट केलं. आपल्याकडे मात्र लग्नाआधीच्या तपासणी पॅकेजमध्येही ही चाचणी घातलेली दिसते. पंचविशीतल्या मुलीला या पॅकेजमधून भीती मिळते, माहिती मिळत नाही.

सॅम्पल देण्याआधी

खरी गडबड इथे होते, आणि रुग्णाच्या हातात असलेला भागही हाच आहे.

पहिली गोष्ट, गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच साधारण २० ते ३० टक्क्यांनी खाली दिसतं, काहींत आणखी. 'पाळी नियमित करायला' म्हणून दिलेल्या बऱ्याच गोळ्या याच जातीच्या असतात आणि त्या गर्भनिरोधक आहेत हे घेणारीला माहीत नसतं. पाकीट सोबत न्या. गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी दिलेलं सॅम्पल खरं बोलतं. एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारासाठी) महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घेतलेलं ल्युप्रोलाइडसारखं डेपो इंजेक्शन, नुकतंच झालेलं बाळंतपण, आयव्हीएफची चालू असलेली इंजेक्शनं, या सगळ्यांतही आकडा खाली येऊ शकतो. इंजेक्शनांच्या मधे एएमएच तपासण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरी, बायोटिन. केस आणि नखांसाठीच्या गोळ्या-गमींमध्ये ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास असतं. रॉशच्या इलेक्सिससारख्या काही यंत्रांची रासायनिक पकड बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन यांच्या जोडीवरच चालते. रक्तात मोकळं बायोटिन जास्त असेल तर ते ती जागा अडवतं आणि एएमएच खोटं कमी वाचलं जातं. नव्या किटमध्ये सहनशक्ती वाढवली आहे, पण लॅबमध्ये कुठलं किट आहे हे आपल्याला माहीत नसतं. दोन-तीन दिवस आधीपासून या गोळ्या बंद ठेवणं सोपं. हाच दोष थायरॉइडच्या चाचण्यांनाही लागतो आणि त्या बहुधा त्याच सॅम्पलवर होतात.

तिसरी, सॅम्पलचा प्रवास. घरून नेलेलं रक्त दुचाकीवर दुपारभर फिरणार असेल तर सकाळच्या पहिल्या फेरीची वेळ मागा आणि सीरम (रक्तातला पिवळसर द्रव) कुठे, किती वेळात वेगळं करतात ते विचारा. चांगली लॅब याचं उत्तर सरळ देते.

यंत्र आणि एकक

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत चाचणीची पद्धत लिहिलेली असते. ती ओळ आकड्याइतकीच महत्त्वाची, कारण एएमएचच्या सगळ्या किटना लागू होईल असं एकच प्रमाण अजून रुजलेलं नाही. २०१० च्या आसपास जगभर वापरात आलेल्या बेकमन कूल्टरच्या जेन टू या किटमध्ये रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांमुळे आकडे कमी येत असल्याचं नंतर लक्षात आलं आणि सॅम्पल आधी पातळ करून घेण्याची सुधारित पद्धत द्यावी लागली. २०१४ नंतर इलेक्सिस आणि ॲक्सेस ही स्वयंचलित यंत्रं आली. चाचणी कुणाच्या हातून होते यामुळे पडणारा फरक त्यामुळे बराच कमी झाला, पण या यंत्रांवरचे आकडे हाताने केल्या जाणाऱ्या जुन्या एलायझा किटपेक्षा सरळ खालच्या पातळीवर बसतात. परिणाम असा की जुन्या एलायझावर ठरलेली सीमारेषा नव्या यंत्राच्या रिपोर्टला लावली, तर काहीही न बिघडलेली स्त्री 'कमी' गटात जाते.

एककाचा घोळ तर आणखी मोठा. भारतात बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिली लिहितात. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात पिकोमोल प्रति लिटर. १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. लंडन किंवा मेलबर्नला राहणारी मुलगी सुट्टीत पुण्याला येऊन उपचार सुरू करते तेव्हा तिच्या जुन्या रिपोर्टवरचे ६ आणि इथले ०.८४ हे एकाच आकड्याचे दोन अवतार असतात. 'सहावरून एकाच्या खाली आलं' असं समजून हादरण्याआधी भागाकार करा.

आणि समजा यंत्र तेच, एकक तेच, तरीही एका चक्रातून दुसऱ्या चक्रात आकडा २० टक्के, कधी त्याहून जास्त हलू शकतो. १.३ चं १.१ होणं म्हणजे घसरण नव्हे. दर तीन महिन्यांनी चाचणी करून आलेख काढणाऱ्यांनी ते पैसे सोनोग्राफीसाठी ठेवावेत.

सोबतची सोनोग्राफी

एएमएचचा खरा जोडीदार एएफसी, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतले २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजणं. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या-पाचव्या दिवसात, लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून. पोटावरून केलेली मोजणी धरू नये. इथे यंत्राऐवजी माणूस चुकतो: एकच फॉलिकल दोनदा मोजणं, १४ मिलिमीटरची उरलेली गाठ मोजणीत धरणं, एंडोमेट्रिओमाच्या (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेल्या गाठीच्या) मागे दडलेले सुटणं, आणि आतड्यांतल्या वायूमुळे एक अंडाशय नीट न दिसताच 'उजवीकडे ४' लिहिणं. रिपोर्टमध्ये उजवी आणि डावी बाजू वेगळी हवी, आणि दिसण्यात अडथळा असेल तर तसा शेरा हवा. 'एएफसी चांगला' एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत करण्याजोगा.

एएमएच आणि एएफसी एकमेकांना दुजोरा देत असतील तर पुढे जावं. एएमएच ०.५ आणि एएफसी १६ असं निघालं, तर वर सांगितलेल्या गोळ्या, बायोटिन आणि यंत्र यांत उत्तर शोधावं, आणि तिथे नाही सापडलं तर दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं एफएसएच (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) हे जुनं साधन. आता त्याचं काम मर्यादित, पण ते करणार असाल तर इस्ट्राडायॉल (अंडाशयातलं स्त्री-संप्रेरक) त्याच सॅम्पलवर हवंच. इस्ट्राडायॉल ६० ते ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि बिघडलेलं एफएसएच छान दिसतं.

आकडे वापरायचे कसे

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात कमी प्रतिसादाची सीमा एएफसी ४ किंवा त्याहून कमी आणि एएमएच ५.४ पिकोमोल किंवा त्याहून कमी, म्हणजे सुमारे ०.७५ नॅनोग्रॅम, अशी होती. जास्त प्रतिसादाची एएफसी १६ च्या वर आणि एएमएच २५ पिकोमोल किंवा जास्त, म्हणजे ३.५. युरोपातल्या बोलोन्या निकषांनी २०११ मध्ये एएफसी ५ ते ७ पेक्षा कमी किंवा एएमएच ०.५ ते १.१ पेक्षा कमी अशी सैल पट्टी घेतली, पण तेवढ्यावर 'कमी प्रतिसाद देणारी' असा शिक्का मारला नाही. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: वय ४० किंवा जास्त (किंवा साठा घटवणारं दुसरं कारण), आधीच्या चक्रात ३ किंवा कमी अंडी, आणि हे आकडे. २०१६ च्या पोसायडन वर्गवारीने ३५ वर्षांची रेघ ओढून वय वेगळं काढलं. एएमएच १.२ च्या खाली असलेली ३२ वर्षांची आणि ३९ वर्षांची स्त्री त्यामुळे वेगळ्या गटांत जातात, आणि हे आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतं. केस पेपरवर नुसतं 'लो एएमएच' लिहिणाऱ्या डॉक्टरांना आपला पोसायडन गट कोणता हे जरूर विचारा.

चाचणी खऱ्या अर्थाने पैसे वसूल करते ती वरच्या टोकाला. पीसीओएस (अंडाशयात खूप लहान फॉलिकल साचण्याचा विकार) असलेल्या स्त्रीचं एएमएच ७-८ येतं, घरचे खूश होतात, आणि धोका मात्र तिथेच असतो. नेहमीच्या डोसवर वीस-पंचवीस फॉलिकल उठले तर ओएचएसएस (अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा त्रास) होऊ शकतो: पोटात पाणी, रक्त घट्ट होणं, गुठळी, कधी आयसीयू. आकडा आधीच माहीत असेल तर डॉक्टर १५० युनिट किंवा त्याहून कमी डोसपासून सुरुवात करतात, अँटॅगोनिस्ट पद्धत (अंडी वेळेआधी सुटू न देणाऱ्या औषधाची) घेतात, अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन एचसीजी या संप्रेरकाऐवजी ॲगोनिस्ट औषधाचं देतात आणि भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडतात. एएमएच ३.५ च्या वर असूनही यातल्या कशाचीच चर्चा झाली नसेल, तर इंजेक्शन सुरू होण्याआधी ती करून घ्या.

खालच्या टोकाला अपेक्षा आवरावी लागते. डोस वाढवला की अंडी वाढतील हे एका मर्यादेपर्यंतच खरं. जे फॉलिकल सुपात आलेच नाहीत, ते औषधाने येत नाहीत. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रोज ३०० युनिटच्या पुढे जाण्यात लाभ नाही. ४५० युनिटने बिल वाढतं. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या ऑप्टिमिस्ट अभ्यासात १,५१५ स्त्रिया होत्या. एएफसी पाहून डोस कमी-जास्त केल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. जास्त प्रतिसाद देणाऱ्यांत डोस कमी केल्यावर ओएचएसएस मात्र घटला. म्हणजे हे आकडे सुरक्षितता देतात. यशाची हमी देत नाहीत.

एक गणित रिपोर्टवर कुणी छापत नाही, पण करून पाहावं. मिळालेली अंडी भागिले एएफसी. एएफसी १२ असताना ४ अंडी मिळाली, तर प्रमाण ३३ टक्के. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर साठ्यापेक्षा प्रक्रियेकडे पाहायला हवं: डोस अपुरा होता का, शेवटच्या इंजेक्शनची वेळ चुकली का, इंजेक्शनचं पेन नीट दाबलं गेलं का, इंजेक्शन फ्रिजबाहेर किती राहिलं. एएफसी ४ असताना ३ अंडी मिळाली तर चक्र उत्तम चाललं, कमी आकड्याने निराश होऊ नये.

अंड्यांपुढची गळतीही आधी कागदावर मांडावी. १० अंडी काढली तर साधारण ८ पक्व, त्यातली ५-६ फलित, आणि पाचव्या दिवशीच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत २-३ पोचतात. एएमएच या पहिल्या १० बद्दल बोलतं. पुढची प्रत्येक पायरी वय, शुक्राणू आणि भ्रूण-प्रयोगशाळा यांच्या हाती. भ्रूण सोडल्यावर गर्भाशयाचं अस्तर, आणि आपल्याकडे विशेष करून न ओळखलेला जननमार्गाचा क्षयरोग, याविषयी एएमएच अवाक्षर काढत नाही.

भारतीय स्त्रियांबद्दल एक मुद्दा. २०१४ मध्ये स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा भारतीय स्त्रियांचा बीजसाठा सुमारे सहा वर्षं मोठ्या स्पॅनिश स्त्रियांइतका दिसला. अभ्यास आयव्हीएफ केंद्रांतल्या काहीशे स्त्रियांचा होता, सगळ्या देशाचा नव्हे. तरीही युरोपातल्या वयोगटांचे तक्ते इथे डोळे झाकून लावू नयेत, आणि वयानुसारचा तक्ता न देता '१ ते ४ सामान्य' एवढीच पट्टी छापणाऱ्या लॅबचा रिपोर्ट अपुरा समजावा. २५ व्या वर्षीचं १.१ आणि ४१ व्या वर्षीचं १.१ एकाच पट्टीत बसत नाहीत.

चाचणीच्या मागून येणारी विक्री

कमी आकडा आला की पुढ्यात येतात डीएचईए (एका संप्रेरकाच्या गोळ्या), ग्रोथ हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन जेल, आणि अंडाशयात पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटच्या द्रवाची) सुई. पहिल्या तिन्हींची नेहमीच्या वापरासाठी शिफारस वर आलेल्या युरोपीय संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात केलेली नाही, आणि पीआरपीला संशोधनाबाहेर वापरण्याइतका पुरावा नाही. यांपैकी कशासाठी पैसे मागितले, तर 'याने माझं एएमएच वाढेल का' हा प्रश्न विचारू नका. 'याने मूल होण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलंय का' असं विचारा.

सर्वांत जड सल्ला म्हणजे दात्याची अंडी. वय ४३, एएमएच ०.२, आधीची दोन चक्रं रिकामी, तर तो सल्ला प्रामाणिक असतो. वय ३१, एएमएच ०.७, एकही चक्र झालेलं नाही, आणि पहिल्याच भेटीत दात्याचं पॅकेज समोर ठेवलं, तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. भारतातल्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याप्रमाणे दाती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, ती आयुष्यात एकदाच दान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त अंडी घेता येत नाहीत. त्यामुळे दात्याच्या अंड्यांनीही 'भरपूर भ्रूण' मिळतील हे आश्वासन तपासूनच घ्यावं.

कुणी करावी

आयव्हीएफ सुरू करणारी, अंडी गोठवू इच्छिणारी, केमोथेरपी होणार असलेली स्त्री यांनी जरूर. एंडोमेट्रिओमाची गाठ काढायची असेल तर ऑपरेशनच्या आधी करणं अत्यावश्यक, कारण गाठीच्या भिंतीबरोबर निरोगी अंडाशयाचा थर निघून येतो आणि आकडा घसरतो. आधीचा आकडा नसेल तर किती घसरला हेही कळत नाही. दोन्ही बाजूंच्या गाठी असतील आणि मूल अजून हवं असेल, तर सर्जन आणि आयव्हीएफचे डॉक्टर यांची भेट ऑपरेशनच्या तारखेआधी घडवून आणा. पीसीओएसच्या निदानात २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच चालेल असं म्हटलंय, एकट्या त्या आकड्यावर निदान करायचं नाही, आणि किशोरवयीन मुलींना तर ती लावायचीच नाही.

पुन्हा कधी? वरच्यापैकी काही घडलं नसेल तर वर्षभर तरी नाही. करायचीच तर त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर, आणि जुना रिपोर्ट पद्धतीच्या ओळीसकट फाइलला लावून.